झांजरीच्या कड्यावरचा दोर

चांगुणा फार कमी बोलायची. इतकं कमी, की पहिल्यांदा ती दवाखान्यात आली तेव्हा मला ती मुकीच वाटली. ओट्यावर बसून राहायची, नंबर आला की आत यायची, विचारलं त्याला मान हलवायची आणि गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधून चालू लागायची. मला आपल्या बोलक्या बायका बऱ्या वाटतात. न बोलणाऱ्या बाईचं दुखणं आपल्यालाच हुडकत बसावं लागतं, आणि तेवढा धीर माझ्या अंगात आजही नाही.

मी बेलापूरची. वडील गिदोन मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. सपाट रान, उसाचे मळे आणि रविवारची उपासना एवढ्यात वाढलेली मी, नर्सचं शिक्षण झाल्यावर अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेच्या टोकाला, आंबेविहिरीला येऊन पडले. जिल्हा एकच, पण मुलूख मला अगदी परका. चारी बाजूंनी डोंगर, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसायचं नाही. सुरुवातीला मी रोज रडायचे आणि रोज बदलीचा अर्ज लिहायचं ठरवायचे. माणसं मात्र जीव लावणारी होती. सारा हे नाव त्यांना सोपं गेलं, आणि मी गावाची साराबाई झाले.

त्या भागात कड्याकपारींना आग्या मोहळं लागतात. ती काढणं हे काही घरांचं पिढीजात काम, आणि चांगुणाचा नवरा बन्सी त्यातला नावाजलेला गडी. कमरेला अंबाडीचा जाड दोर बांधायचा, हातात पाल्याची धुमसती चूड धरायची आणि कड्यावरून लोंबकळत मोहळापर्यंत उतरायचं. वर एक जण झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा देऊन तो धरून बसतो. खालून एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे वर ओढ. आणि हा दोर कोणी धरायचा, याची रीत पक्की होती. दोर धरायचा बायकोच्या भावानं. सख्ख्या भावानं नाही, बापानं नाही, मित्रानं तर नाहीच. भावाभावांत जमिनीवरून तेढ असू शकते, पण आपल्या बहिणीचं कुंकू आपल्या हातानं कोण पुसेल, असा त्यामागचा विचार.

ही रीत मला दगडाबाईनं सांगितली. दगडाबाई म्हणजे चांगुणाची शेजारीण, गावातल्या सगळ्या बातम्या पहिल्यांदा जिच्याकडे येतात आणि जिच्याकडे कधीच राहत नाहीत अशी म्हातारी. मला रीत इतकी आवडली, की सुट्टीत बेलापूरला गेले तेव्हा वडिलांना सांगितली. तेही म्हणाले, कुणा शहाण्या माणसानं घालून दिलेली दिसते. मेहुण्याच्याच मनात काही आलं तर काय, हा प्रश्न त्यांना सुचला नाही आणि मलाही नाही.

तो सुचला एकाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुमारास.

चांगुणाला तेव्हा सातवा महिना होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आधीची दोन राहिली नव्हती, आणि हे पहिलंच टिकलेलं. म्हणून मी तिला वारंवार बोलावून तपासत होते. एकदा रक्तदाब बघायला चोळीची बाही वर सरकवली, तर दंडावर काळेनिळे वळ.

"हे काय?"

"पडले."

"पडल्यावर बोटांचे वळ उठतात होय?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी बन्सीला बोलावून फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण उठताना ती म्हणाली, "बाई, त्येला काय बोलू नगा. त्यो येरवी बरा हाय." तिच्या तोंडून मी ऐकलेलं तोवरचं हे सगळ्यात लांब बोलणं. बन्सी एरवी बरा होता हे मलाही माहीत होतं. पण त्या गावात मी इतके एरवी बरे नवरे पाहिले होते, की त्या 'एरवी'चाच मला संताप यायचा.

चांगुणाचा भाऊ सहादेव पलीकडच्या खोऱ्यात राहायचा. आई लवकर गेली, तेव्हा या भावानंच तिला कडेवर घेऊन वाढवलेलं. राजूरच्या बाजारात दगडाबाई त्याला भेटली, आणि भेटल्यावर ती गप्प बसणार थोडीच. वळांची गोष्ट तिनं त्याला जशीच्या तशी सांगितली, वर पदरची थोडी घातली. सहादेव मीठ घेत होता. म्हणे, हातातलं मीठ त्यानं परत दुकानदाराच्या पोत्यात सोडलं आणि एवढंच म्हणाला, "औंदा कारवी फुललीया. दोर माज्याच हातात येनार हाय."

हे वाक्य दगडाबाईनं गावात आणलं आणि मग ते सगळीकडे फिरलं. कारवी तिकडे सात वर्षांतून एकदा फुलते. तो मध दाट असतो, औषधी मानतात, आणि मोहळं काढणारा माणूस त्या एका हंगामाची वाट बघत असतो. बन्सीच्या कानावरही ते वाक्य गेलंच. पण आता दोर बांधला नाही तर बन्सी मेहुण्याला भ्याला असं लोक म्हणतील, आणि बन्सीला ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं. पुरुषांची ही अक्कल मला आजवर कळलेली नाही.

भाऊबीज आली. चांगुणा ताट तयार ठेवून संध्याकाळपर्यंत दारात बसली. सहादेव आला नाही.

मग कार्तिकातल्या एका सकाळी दगडाबाई धापा टाकत दवाखान्यात आली. "बाई, सहादेव आलाय. येशीवरनंच बन्सीला हाक मारली आन दोगं दोर घिऊन झांजरीला गेलं. भनीच्या घरात पाऊल टाकलं न्हाई. पानी सुदिक पेला न्हाई."

भाऊबीजेला न आलेला भाऊ दोर धरायला आला होता, आणि बहिणीच्या घरचं पाणी टाळून गेला होता. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 

दगडाबाईच्या मागं चांगुणा उभी होती. हातात काठी, पदर कमरेला खोचलेला. "बाई, मी चालले," ती म्हणाली. "तुमी येता?"

"अशा दिवसांत झांजरीला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिनं वाद घातला नाही, वळून चालायला लागली. मी पिशवीत कात्री, दोरा, कापूस, डेटॉल कोंबलं, दाराला कुलूप घातलं आणि तिच्यामागं पळाले. एक म्हणजे ती ऐकणार नव्हती. दुसरं, वाटेत काही झालं तर त्या रानात तिच्याजवळ कुणीच नसणार होतं.

झांजरी हा धबधबा. गावातून तो दिसत नाही. भर पावसाळ्यात लांबून झांजा वाजल्यासारखा आवाज येतो, तेवढीच त्याची ओळख. वाट अशी नाहीच. आधी भाताची खाचरं, मग हिरड्या-बेहड्याचं दाट रान, मग नाळ, म्हणजे दोन डोंगरांमधली धोंड्यांनी भरलेली उभी घळ, आणि नाळ चढून गेल्यावर ओढ्याच्या काठानं थेट कड्याच्या टोकापर्यंत. मी त्या गावात दोन वर्षं राहून तिथं कधी गेले नव्हते. खरं सांगायचं तर मला उंचीची भीती वाटते.

खाचरांत भात कापायचं काम चाललं होतं. आम्ही बांधावरून निघालो तसे बायकांचे विळे थांबले. कुणीतरी ओरडून म्हणालं, "चांगुणे, कड्याव बाईमानसानं जाऊ न्हाई. माशा उठत्यात." मोहळ काढताना बाईनं तिकडे फिरकायचं नाही, हाही तिथला नेम. चांगुणानं मान वळवली नाही.

रानात शिरलो आणि ऊन नाहीसं झालं. पायाखाली कुजलेला पाला, त्याखाली निसरडे दगड. माझे कॅनव्हासचे बूट पहिल्याच ओहोळात भरले आणि दर पावलाला पचपच करायला लागले. पांढऱ्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली. पुढं कारवीचं रान लागलं. माणसाच्या डोक्यावर गेलेल्या काड्या, वाळलेल्या फुलांचा चिकट वास. चांगुणा पुढं होऊन काठीनं काड्या बाजूला सारायची आणि मी पार होईपर्यंत धरून ठेवायची. सातव्या महिन्यातली बाई मला वाट करून देत होती, आणि मी तिची नर्स म्हणून बरोबर चालले होते.

मी सारखी तिच्या चालीकडे बघत होते. पाय फाकतोय का, कमरेवर हात जातोय का. इथं कळा सुरू झाल्या तर झोळी करून उचलायला माणूस नाही. सातव्या महिन्याचं मूल, तेही रानात. आणि पलीकडे कड्यावर काय चाललंय कोण जाणे. दोन्ही भीती एकदम मनात मावत नव्हत्या, म्हणून कधी ही वर यायची, कधी ती.

आणि चांगुणा बोलायला लागली. दोन वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या चढावर बोलली. घाबरल्यावर माणसं गप्प होतात असा माझा अनुभव, हिचं उलटं होतं.

"दादाचा राग लवकर येत न्हाई," ती म्हणाली. "आन आला का जात न्हाई."

"म्हणजे?"

"आमचं कुत्रं हुतं. शेजाऱ्यानं धोंडा घालून लंगडं केलं. दादा काय बोलला न्हाई. पुडच्या उन्हाळ्यात त्यो शेजारी हिरीत गाळ काडाया उतारला. दादानं शिडी वर वढून घेतली आन काठावर बसून ऱ्हायला. सांज हुईस्तवर. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. नुस्तं बसवून ठिवलं."

मला हायसं वाटलं. "मग बरंय की. इथंही तसंच थोडा वेळ बसवून ठेवेल आणि ओढेल वर."

ती थांबली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. "हिरीत माशा नव्हत्या, बाई."

 आग्या मोहळाच्या माशा म्हणजे काय ते मी दवाखान्यात पाहिलं होतं. बैलासकट माणूस मेलेला पाहिला होता. माणूस मोहळाशी जातो तो फक्त धुराच्या भरवशावर. चूड विझली की माशा परत फिरतात.

नाळेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा झाडांच्या शेंड्यांवरून धूर दिसला. कड्याच्या बाजूला, पांढुरका, वर चढणारा.

"चूड पेटली," चांगुणा म्हणाली. "उतारला त्यो."

ती नाळेत अशी घुसली की मला तिला आवरता येईना. धोंड्यावर हात टेकायचा, गुडघा टेकायचा, अंग वर खेचायचं. मी खालून तिला आधार देत होते. अर्ध्यावर ती एकाएकी बसली. दोन्ही हात पोटावर, ओठ आवळलेले. मी हात लावला तर पोट दगडासारखं कडक.  मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' याच्या पुढं एक शब्द आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना. तेच तेच म्हणत राहिले. हळूहळू पोट सैल झालं.

"परत जाऊ," मी म्हणाले. "तुझं मूल जाईल, चांगुणा. मी तुला साफ सांगते."

"मागं जायला बी तेवढंच लागंल," ती म्हणाली आणि उठली.

वर पाहिलं तर धूर विरळ झाला होता. नाळ संपेपर्यंत तो दिसेनासा झाला. त्याच्याऐवजी धबधब्याचा आवाज यायला लागला, आधी सूक्ष्म, मग सगळं रान भरून टाकणारा. चांगुणा आता पळत होती. तिला पळताना पाहून मला ओरडायचं होतं, पण माझ्यातच श्वास नव्हता.

झाडं संपली आणि कातळ सुरू झाला. ओढा त्या कातळावरून घसरत जाऊन एकदम नाहीसा होत होता, तिथून पुढं नुसतं आभाळ. काठाजवळ एक जुनं जांभळीचं झाड. त्याच्या बुंध्याला दोराचा वेढा, आणि मुळाला पाय रोवून बसलेला सहादेव. धिप्पाड, काळा, मांडीवर दोर. जवळ ओल्या पाल्याचा लहानसा ढीग जमिनीलगत धुमसत होता, त्यामुळे वर माशा नव्हत्या. दोर त्याच्या हातातून निघून कड्याच्या कडेला टाकलेल्या गोणपाटावरून खाली गेलेला.

तो दोर हलत होता. तीन हिसके. थोडं थांबून पुन्हा तीन.

सहादेव ओढत नव्हता. सोडतही नव्हता. दोराकडे बघत बसला होता.

"दादा," चांगुणा त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली. तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

तो दचकला. "तू हितं कशापाई आलीस? माशा उठतील."

"उठल्या आस्तील. चूड इजली. वढ त्येला."

"वढतो. जरा टांगून ऱ्हाऊ दे." त्याचा आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. "दोर सोडनार न्हाई, चांगू. तुज्या कुकवाची आन हाय मला. पन आपला जीव दुसऱ्याच्या हातात आसला म्हंजी कसं वाटतं, ते कळू दे त्येला. त्येनं वर बगून हात जोडू दे. मंग मी इचारनार हाय, माज्या भनीवर हात का टाकला म्हनून."

दोर पुन्हा हलला. तीन हिसके, आता घाईघाईनं.

"दादा," चांगुणा म्हणाली, "इचारायचं आसंल तर मी इचारीन. मार मी खाल्लाय."

सहादेवानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नव्हती. एवढ्या दिवसांचा राग त्यानं एकट्यानं सांभाळला होता, आणि तो मुळात कुणाचा होता हे विसरून गेला होता. 

चांगुणा कडेकडे निघाली. मी ओरडले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मी काय केलं ते मला नीट आठवतं, कारण त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्या स्वप्नात यायचं. मी तिच्यामागं गुडघ्यांवर रांगत गेले, तिच्या कमरेला मागून दोन्ही हातांनी मिठी मारली आणि माझे पाय एका खाचेत अडकवले. ती गोणपाटावर गुडघे टेकून बसली. डावा हात दोरावर ठेवला आणि वाकली.

तिच्या खांद्यावरून मला खालचं दिसलं. तिथं कडा आत गेलेला आहे, पायाला आधार नाही, त्यामुळे वरून ओढल्याशिवाय माणसाला वर येता येत नाही. बन्सी मोकळ्यावर लोंबकळत होता, हळूहळू गोल फिरत होता. डोक्यावर घोंगडं, कमरेला मधाचा डबा, हातातली चूड विझलेली. डोक्याभोवती माशा घिरट्या घालायला लागल्या होत्या. बाजूनं पांढरं पाणी कोसळत होतं, आणि त्याचा तळ मी बघितला नाही. बघायची माझी छाती नव्हती.

बन्सीनं पुन्हा हिसका द्यायला हात वर केला आणि वर पाहिलं. त्याला सहादेव दिसेल असं वाटलं असणार. त्याला चांगुणा दिसली, आणि दोरावर तिचा हात.

त्याचा हात तसाच थांबला.

चांगुणा काही बोलली नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण तिची पाठ माझ्या छातीला लागलेली होती आणि तिचा श्वास न् श्वास मला कळत होता. तिनं ओठ हलवला असता तरी मला समजलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती. बन्सीच्या तोंडावर माशी बसली, त्यानं ती उडवली नाही. कितीतरी दिवस या माणसाला चांगलं फैलावर घ्यायचं माझ्या मनात होतं, आणि त्या क्षणी मी मनात एवढंच म्हणत होते, ओढ गं बाई, ओढ आता त्याला. माझ्या हातांखाली तिच्या पोटातलं लेकरू हललं. चांगली लाथ मारली त्यानं. तिलाही ती लागली असेलच, पण ती हलली नाही.

मग बन्सीनं हिसक्यासाठी वर उचललेला हात खाली घेतला. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसता हात खाली घेतला आणि तिच्याकडे बघत लोंबकळत राहिला. वर घे म्हणून मागायचंच त्यानं सोडून दिलं.

तेव्हा चांगुणानं मान वळवली आणि भावाला म्हणाली, "वढ."

सहादेव उठला. त्यानं दोर असा ओढला की जांभळीच्या बुंध्याची साल सोलून निघाली. चांगुणानंही दोन्ही हात दोराला लावले. मी तिची कंबर सोडली नाही.

बन्सी वर आला तो ओळखू येत नव्हता. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ लोंबलेला. आम्ही त्याला धुराजवळ बसवलं, मी काटे काढायला बसले. माझ्या कानालाही एक माशी डसली होती, ते मला तेव्हा कळलं.  दर काट्याला बन्सी कण्हायचा आणि मी त्याला गप्प बस म्हणायचे.

मोहळ काढल्यावर पोळ्याचा पहिला तुकडा दोर धरणाऱ्याला द्यायचा, काढणाऱ्यानं आपल्या हातानं. बन्सीनं डब्यात हात घातला, तुकडा काढला आणि सवयीनं सहादेवापुढं धरला.

सहादेवानं तोंड फिरवलं. "मला नगं. आज दोर तिनं धरला."

बन्सीचा हात तसाच राहिला, बोटांवरून मध गळत होता. मग त्यानं तो चांगुणापुढं केला. तिनं तुकडा घेतला, त्याचे भाग केले. एक भावाच्या हातावर ठेवला, एक माझ्या, एक स्वतः खाल्ला. बन्सीला दिला नाही. बोटं चाटून झाली तेव्हा म्हणाली, "दादा, घरला चल. पानी पिऊन जा."

सहादेव आला. उतरताना बन्सी सगळ्यांच्या पुढं होता, एका डोळ्यानं वाट बघत, कारवीच्या काड्या सारत. चांगुणा पार होईपर्यंत काड्या धरून उभा राहायचा. मला दर वळणाला तिच्या पोटाची काळजी लागून होती.

पौषात तिला मुलगी झाली, वेळेवर आणि धडधाकट. ती माझ्याच हातांनी झाली. पुढच्या भाऊबीजेला सहादेव आला, दुष्काळाचं वर्ष असून मुलीला झबलं घेऊन आला. बन्सी मोहळं काढतच राहिला, दोर सहादेवच धरत राहिला. मी त्या गावात होते तोवर काही ना काही निमित्तानं चांगुणाच्या चोळीची बाही वर सरकवून बघायचे. मला खात्री वाटत नव्हती, म्हणून बघायचे. परत वळ दिसले नाहीत. ती पुन्हा पहिल्यासारखी झाली, मान हलवायची आणि पुडी पदरात बांधून जायची.

मग माझी शेवगावला बदली झाली. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बन्सी फाट्यापर्यंत आला. एस.टी.ला वेळ होता. त्यानं परत जायला हवं होतं, पण ट्रंकेशेजारी उकिडवा बसून मातीत काडीनं रेघा मारत राहिला.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"त्या दिशी झांजरीला, चांगुणा वरनं वाकली तवा तुमी तिला धरून हुत्या." तो माझ्याकडे बघत नव्हता. "ती काय म्हनली वो? धबधब्याच्या आवाजात मला काय ऐकू आलं न्हाई."

 इतके दिवस हा माणूस ते न ऐकू आलेलं बोलणं बरोबर घेऊन जगत होता.

"तिलाच का नाही विचारत?" मी म्हणाले.

"इचारलं आसतं," बन्सी म्हणाला. "पन तिनं खरंच सांगितलं म्हंजी?"

एस.टी. आली. त्यानं ट्रंक टपावर चढवून दिली, आणि मी त्याला काही न सांगता आत जाऊन बसले.